बेगड शिंगांना, तूप खांद्याला

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भातल्या गावागावांत खांदशेकणी असते. बैल धुऊन-पुसून आणतात आणि मान जिथे पाठीला मिळते त्या जागी हळद कालवलेलं तूप चोळून ती जागा शेकतात. तूप महागलं म्हणून आता पुष्कळ घरी तेलावर भागतं, पण जागा बदलत नाही. वर्षभर जू घासलं ते तिथेच, कातडी राठ झाली ती तिथेच. मग बैलाला सांगायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ शिंगांचा रंग, बेगड, बाशिंग, झूल, घुंगरमाळा हे सगळं दुसऱ्या दिवशीचं, चार लोकांनी पाहावं म्हणून. पोळा फुटल्यावर जो गडी बैल घेऊन दारोदार जातो त्याच्या हातावर बोजारा पडतो, आणि बोजारा म्हणजे रोख पैसे.

आमचा मुद्दा या क्रमातच आहे. धंद्यात, कचेरीत आणि घरात आभार मानायची वेळ आली की आपण खांदा सोडून शिंगांकडे वळतो. वार्षिक कार्यक्रमात शाल-श्रीफळ, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं. आणि ज्याच्या खांद्याला जू घासलं त्याचं बिल अकाउंट्सच्या ट्रेमध्ये तीन महिने पडून. कृतज्ञतेवर बोलणारे बहुतेक जण ‘आभार मानत जा’ एवढं सांगून थांबतात. आभार नेमके कुठे लावायचे, हे सांगितल्याशिवाय त्या उपदेशाला अर्थ नाही.

तक्रारीत आपण असे ढिसाळ नसतो, हेही नागपूरकरांना माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या दोन पुतळ्यांची मिरवणूक निघते, १८८०च्या दशकापासून निघते आहे. सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर गाऱ्हाणं स्पष्ट लिहिलेलं असतं: महागाई, रस्ता, पाणी, वीजबिल. कोणावर राग आहे आणि कशासाठी, हे रस्त्यावरच्या पोरालाही कळतं. तेच गाव सभागृहात आभारप्रदर्शनाला उभं राहिलं की ‘ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य केलं त्या सर्व ज्ञात-अज्ञात’ मंडळींवर येऊन थांबतं. तोवर मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक रचायला सुरुवात झालेली असते, आणि त्या रचणारा माणूसच त्या दिवशीचा खरा ‘अज्ञात’ असतो.

आधी पैसे

धंद्यातला पहिला धन्यवाद म्हणजे वेळेवर दिलेले पैसे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कळमन्याच्या बाजारात माल विकला गेला की तो विचारतो चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी, आणि अडत्याची पत शेतकऱ्यांमध्ये ठरते ती चुकाऱ्याच्या तारखेवरून. अडत्याच्या गादीवरचा चहा कितीही गोड असला तरी ‘पुढच्या हप्त्यात या’ म्हटलं की त्या चहाची किंमत संपते.

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतला एखादा छोटा पुरवठादार घ्या. त्याने मोठ्या कारखान्याला १ लाखाचा माल दिला, वर १८ टक्के जीएसटी, एकूण बिल १ लाख १८ हजारांचं. पैसे मिळोत न मिळोत, त्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला विवरणपत्र भरताना त्या बिलावरचा कर मोजावा लागतो. खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा होतो, उरलेला खिशातून. कामगारांचा पगार ७ ते १० तारखेच्या दरम्यान, महावितरणचं बिल त्याच्या आसपास, आणि पत्रा आणला तो रोखीने, कारण छोट्या माणसाला उधार कोणी देत नाही. ही मधली रक्कम त्याने बाजारातून महिना २ टक्क्यांनी उचलली आणि चार महिने थांबला, तर १ लाख १८ हजारांवर ९,४४० रुपये व्याजातच गेले. अशा मालावर त्याला सुटत असतात तरी किती? त्याच कारखान्याने दिवाळीत त्याला ८०० रुपयांचा काजू-बदामाचा डबा पाठवला, तर तो डबा त्याने स्वतःच्याच पैशाने विकत घेतला म्हणायचा.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला वा सेवा देणाऱ्याला, करारात मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत काहीही लिहिली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३च्या वित्त कायद्याने १९६१च्या आयकर कायद्याच्या ४३ब कलमात आणखी एक चिमटा घातला: मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देऊ त्या वर्षीच धरता येते. जीएसटीतही बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे गेले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, व्याजासकट परत करावं लागतं.

इतकं असून छोटा पुरवठादार सहसा तक्रार करत नाही. तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून हा विषय निव्वळ कायद्याचा न राहता कृतज्ञतेचा होतो. जो मागू शकत नाही त्याला न मागता वेळेवर देणं, यात देणाऱ्याची नियत दिसते.

पैसे अडतात ते नेहमी वाईट हेतूने अडतात असंही नाही. बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नसतो. चलनावर स्टोअर्सची सही राहून गेलेली असते. माल आत आला पण आवक नोंद झाली नाही, म्हणून अकाउंट्सच्या हिशेबी तो आलाच नाही. बिल पास करणारा क्लार्क फक्त मंगळवारी बसतो आणि सही करणारे साहेब नेमके मंगळवारी दौऱ्यावर. यातलं प्रत्येक कारण खरं असतं, आणि प्रत्येकाची किंमत मोजतो तो तिसराच. त्यावर इलाज कंटाळवाणे आहेत पण लागू पडतात. बिलात खोट असेल तर तीन दिवसांच्या आत फोन करून सांगा; पंचेचाळिसाव्या दिवशी सांगू नका. महिन्यातले दोन दिवस, समजा १० आणि २५, देण्याचे म्हणून ठरवा आणि पुरवठादारांना ते कळवा. १० हजारांखालची बिलं वेगळी काढून दर आठवड्याला चुकती करा. मोठ्या कारखान्याला ती रक्कम चिल्लर असते, प्लंबरला आणि स्टेशनरीवाल्याला ती महिन्याचं घरभाडं असते.

पैसे जमा झाल्यावर दोन ओळी पाठवा. ‘शेडच्या रंगकामाचं बिल क्र. ११८, ४७,२०० रुपये. ४०० टीडीएस कापून ४६,८०० आज जमा केले. पावसाच्या आधी काम उरकून दिलंत, गळती राहिली नाही.’ एवढा मेसेज मिळालेला रंगारी ठेकेदार पुढच्या वर्षी मे महिन्यात, जेव्हा सगळ्या नागपूरला एकदमच रंगकाम आठवतं, कोणाचा फोन आधी उचलेल हे सांगायला नको.

कामगारांच्या बाबतीत घोटाळा शब्दांचा आहे. कायद्याने लागू असलेला बोनस, म्हणजे किमान ८.३३ टक्के, वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, हा हक्काचा पैसा आहे. तो पाकिटात घालून, मालकाच्या हस्ते, फोटो काढत ‘दिवाळी भेट’ म्हणून दिला की हक्काचं उपकारात रूपांतर होतं. ग्रॅच्युइटीचंही तसंच. मूळ लॅटिन शब्दात मेहेरबानीचा वास आहे, मराठी सरकारी शब्द ‘उपदान’ही दानाकडे झुकतो, पण १९७२च्या कायद्यापासून ती मालकाची जबाबदारी आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८ हजार असेल आणि नोकरी १२ वर्षांची, तर १८,००० गुणिले १५ गुणिले १२ भागिले २६, म्हणजे १ लाख २४ हजार ६१५ रुपये, आणि तेही ३० दिवसांत. निरोपसमारंभात शाल पांघरायची आणि या रकमेसाठी सहा महिने चकरा मारायला लावायच्या, ही सेवेची थट्टा आहे. क्रम उलटा करून पाहा: समारंभाच्या दिवशी सकाळी रक्कम खात्यात, संध्याकाळी शाल. शाल तीच असते, पण पांघरताना खांदे वेगळे वाटतात.

मग शब्द

पैसे चुकते झाले की शब्दांना जागा होते. काहींना वाटतं, पगार दिला की हिशेब मिटला, वर आभार कशाला. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या शंकेला उत्तर देतो. लोकांना एका विद्यार्थ्याचं नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र तपासून द्यायला सांगितलं. नंतर निम्म्यांना त्याच्याकडून नुसती पोच मिळाली, निम्म्यांना पोच आणि आभार. मग त्याच विद्यार्थ्याने पुन्हा तशीच मदत मागितली. नुसती पोच मिळालेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी मदत केली, आभार मिळालेल्यांपैकी ६६ टक्क्यांनी. संशोधकांना आढळलं की आभारांमुळे लोकांना आपण हुशार आहोत असं वाटलं म्हणून हा फरक पडला नव्हता. आपलं काम कोणाच्या तरी कामी आलं, आपली कोणाला तरी किंमत आहे, हे कळलं म्हणून पडला होता.

याच कारणाने ‘वेल डन टीम’ वाया जातं. त्यात कोणाचं काय कामी आलं याचा पत्ताच नसतो. आभाराच्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कोणी, नेमकं काय केलं, आणि त्यामुळे काय झालं किंवा काय टळलं. तिसरी गोष्ट हमखास गळते, आणि ऐकणाऱ्याला तीच माहीत नसते. वाडीच्या गोडाउनवरून माल आणणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला आपण लिहितो, ‘सहकार्याबद्दल धन्यवाद.’ त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘भाऊ, गाडी रात्री साडेअकराला लागली तरी तुमच्या दोन्ही हमालांनी ४० पेट्या मोजून उतरवल्या. पाऊस होता, एकही पेटी भिजली नाही. सकाळी ९ला आमची लाइन वेळेवर सुरू झाली.’ लिहायला दीड मिनिट लागतं. ट्रान्सपोर्टवाला हा मेसेज हमालांना दाखवतो, कारण त्यात दाखवण्यासारखं काही आहे. दोघांची नावं विचारून घेतली असती तर सोन्याहून पिवळं.

वेळेचाही हिशेब आहे. काम झाल्यापासून दोन दिवसांत मानलेले आभार ताजे. महिन्याने मानलेले आभार म्हणजे काहीतरी मागायचं असणार, असा वास येतो. खरंच उशीर झाला असेल तर तो कबूल करून लिहावं, उशिरा लिहिण्यात कमीपणा काही नाही.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त ‘पण’ने बिघडतं. ‘रिपोर्ट छान केलास, पण पुढच्या वेळी तक्ते जरा…’ इथे ऐकणाऱ्याने ‘पण’च्या आधीचं सगळं पुसून टाकलेलं असतं. सूचना करायचीच असेल तर उद्या, वेगळ्या वेळी. दुसरं, आभार चुकीच्या खुर्चीला जातात. काम ज्युनिअरने रात्री बसून केलं, मेल साहेबांना गेला. साहेबांनी तो खाली पाठवला तर बरं, नाहीतर ज्युनिअर पुढच्या वेळी घड्याळ बघून उठतो. तिसरं, ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ ही फ्रेम. तीन महिने ती प्रामाणिकपणे चालते, मग कोणाला वाईट वाटू नये म्हणून पाळी लागते, आणि पाळीने मिळालेला मान सगळ्यांना कळतो. आणि आगाऊ आभार! ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ ही पाटी खोदलेल्या रस्त्यावर लावलेली असते तेव्हा कोणी सहकार्य मागितलेलं नसतं आणि कोणी दिलेलंही नसतं, लोक फक्त खड्डा चुकवत असतात. कचेरीतल्या मेलच्या शेवटी ‘आपण हे आजच कराल या खात्रीने आपले आभार’ हाही हुकूमच, फक्त इस्त्री केलेला.

लाज हाही एक अडसर आहे. काय लिहू, कसं दिसेल, समोरचा हसेल का. अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०१८च्या प्रयोगांत आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा पत्र मिळालेल्यांना जास्त आनंद झाला आणि संकोच कमी वाटला. लिहिणारा शब्दरचनेची काळजी करत बसतो, वाचणारा आपुलकीकडे बघतो. मोडक्या मराठीतली चिठ्ठी चालते. छापील कार्ड मात्र पेटीतच राहतं.

गिऱ्हाईक

गिऱ्हाइकाचे आभार मानण्याची आपली जुनी रीत होती वर्ताळा. माप पुरं झालं की वरून मूठभर. आजही भाजीवाल्या मावशी पिशवीत दोन मिरच्या, कढीलिंबाची काडी टाकतात, तेव्हा ‘थँक्यू, पुन्हा या’ असं म्हणत नाहीत. तोलून झाल्यावर टाकतात, दर ठरवताना नव्हे, यातच त्याची खुबी आहे. घासाघीस चालू असताना दिलेली कोथिंबीर सौद्यातच धरली जाते.

मोबाइलवरचे आभार इथेच फसतात. १९७६ साली अमेरिकेतल्या एका दागिन्यांच्या दुकानाचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काही गिऱ्हाइकांना फोन करून फक्त आभार मानले, काहींना आभारासोबत सेलची माहितीही दिली, काहींना फोनच केला नाही. खरेदी सगळ्यात जास्त वाढली ती नुसते आभार मानलेल्यांची. इतवारीच्या सराफ्यात किंवा गांधीबागेच्या कापड बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या दुकानदाराला यात नवल वाटणार नाही. त्याची नवी पिढी मात्र सॉफ्टवेअर घेते, आणि ते सॉफ्टवेअर लग्नाचा बस्ता बांधून गेलेल्या घराला तिसऱ्या दिवशी ‘धन्यवाद! १० टक्के सूट, आजच या’ पाठवतं. ज्या घराने परवाच दोन लाख खर्च केले त्यांना आज कशाला बोलावता? त्यापेक्षा लग्न झाल्यावर आठवड्याने एक फोन: ‘काकू, कार्य नीट झालं ना? नऊवाऱ्या सगळ्यांना पुरल्या ना?’ विक्रीचं नाव नाही. एखादी साडी सदोष निघाली असेल तर ती याच फोनवर कळते, नातेवाइकांच्या ग्रुपवर नव्हे.

तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचे आभार सगळ्यात आधी मानले पाहिजेत, आणि सगळ्यात कमी मानले जातात ते त्याचेच. नाराज माणसं बहुतेक वेळा न बोलता दुकान बदलतात. जो परत येऊन भांडतो त्याला अजून आशा असते. ‘आणून दाखवलंत ते बरं केलं, या गठ्ठ्यातला बाकी माल आत्ताच बाजूला काढतो’ असं म्हणून त्याच्यादेखत गठ्ठा खाली उतरवला तर त्याचा निम्मा राग तिथेच उतरतो.

डबा आणि चहापाणी

भेटवस्तूंबद्दल थोडक्यात. ताजी संत्रा बर्फी ही नागपूरची ओळख खरी, पण ती चार दिवसांचा माल. बाहेरगावी कुरिअरने पाठवून आठवड्याने पोचली तर मिळालेल्याला ती फेकायचं काम लागतं. हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर मोफत वाटलेल्या वस्तूंवर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, आणि धंद्यातल्या एकाच माणसाला वर्षात २० हजारांवर लाभ दिला तर जुलै २०२२पासून त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. त्याहून महत्त्वाची रेघ वेगळी आहे. काम व्हायच्या आधी गेलेला डबा हा आभार नसतो. डॉक्टरांना औषध कंपन्यांनी वैयक्तिक भेटी देऊ नयेत असं २०२४ची औषध विपणन संहिता सांगते, आणि धंतोली-रामदासपेठेत जितके दवाखाने आहेत तितके तिथे औषध कंपन्यांचे प्रतिनिधीही फिरत असतात. सरकारी टेबलावरचं ‘चहापाणी’ तर २०१८च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही गुन्ह्यात ओढतं.

मग ज्या तलाठ्याने किंवा क्लार्कने नियमाने, वेळेत काम केलं त्याचे आभार मानायचेच नाहीत का? मानायचे, आणि त्याला रुपयाही लागत नाही. त्याच्या वरिष्ठांना पत्र लिहायचं: अर्जाचा क्रमांक, दिल्याची तारीख, काम झाल्याची तारीख, कर्मचाऱ्याचं नाव आणि टेबल. त्याची पोच घ्यायची, एक प्रत त्या कर्मचाऱ्याला द्यायची. सरकारी नोकरीत तक्रारींची फाइल जाड असते; प्रशंसेचं एक पत्र त्याला बदली-बढतीच्या वेळी दाखवायला उपयोगी पडतं. मिठाईचा डबा दुसऱ्या दिवशी संपतो, आणि कधीकधी चौकशीत निघतो.

‘आपल्यात थँक्यू म्हणत नाहीत’

हा आक्षेप खोडून टाकण्यासारखा नाही. मराठी घरात आईला ‘भाजी वाढल्याबद्दल आभारी आहे’ म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. मित्राला म्हटलं तर ‘परक्यासारखं काय बोलतो बे’ असं ऐकावं लागतं. जवळच्या माणसांत देणं-घेणं मिटवायचं नसतं, चालू ठेवायचं असतं. आभार मानले की खातं बंद केल्यासारखं वाटतं. जगातही हीच रीत दिसते. आठ भाषांमधल्या रोजच्या घरगुती बोलण्याचं ध्वनिमुद्रण तपासणारा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. मागितलेली मदत मिळाल्यावर लोकांनी तोंडाने आभार मानले ते सरासरी वीस वेळांतून जेमतेम एकदा. मराठी त्यात नव्हती, पण आपण काही कृतघ्नांचा देश नाही एवढं त्यावरून कळायला हरकत नाही.

पण हा नियम आपण कोणासाठी वापरतो, तेही बघावं. साहेबांना ‘थँक्यू सर’ दिवसातून दहादा जातं, तिथे परकेपणा आडवा येत नाही. पहाटे उठून डबा करणाऱ्या बायकोच्या बाबतीतच संस्कृती आठवते. घरात धन्यवाद हा शब्द लागत नाही हे मान्य. पण त्याच्या जागी काहीतरी लागतंच. ‘आज वांग्याची भाजी एकदम तर्रीदार झाली’, रिकामा डबा धुऊन ओट्यावर ठेवणं, दमून आलेल्याच्या हातात न मागता पाण्याचा गडू देणं. शब्दही नाही आणि गडूही नाही, याला जवळीक म्हणता येणार नाही.

घरकामाला येणाऱ्या मावशींच्या बाबतीत तर आपला खोटेपणा कपाटातच दिसतो, वेगळ्या ठेवलेल्या कपाच्या रूपाने. ‘आमच्या घरच्यासारख्याच आहेत’ असं पाहुण्यांना सांगायचं आणि चहा त्या कान तुटलेल्या कपात द्यायचा. त्यांच्यासाठी आधी पगाराची ठरलेली तारीख, महिन्यातून चार हक्काच्या सुट्ट्या, दिवाळीला एक पगार, आणि आपण आठ दिवस गावाला गेलो तर ते पैसे न कापणं. चहा सगळ्यांच्या कपात. हे झालं की ‘मावशी, तुम्ही होत्या म्हणून सणाचं निभलं’ हे वाक्य खरं वाटतं.

या शहरात हा मुद्दा वरवर हाताळता येत नाही. १९५६च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जे घडलं त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचे असे खांदे होते, ज्यांना जू मिळालं, तूप कधीच नाही. वर त्यांनी उपकार मानावेत अशी अपेक्षा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत आयरिश नेता डॅनियल ओ’कॉनेलचा दाखला दिला होता: माणसाने स्वाभिमान गहाण टाकून कृतज्ञ राहू नये, आणि राष्ट्राने स्वातंत्र्य गहाण टाकून. ते बोलत होते थोर पुरुषांच्या भक्तीबद्दल, पण कारखान्यालाही ते लागू पडतं. मालकाने ‘मी तुम्हाला काम दिलं’ म्हणून कामगाराकडून आभाराची वसुली करणं, संस्थाचालकाने शिक्षकाला ‘कायम केलं’ याची आठवण दरवर्षी देणं, ही त्याच रोगाची लक्षणं. आभार वरून खाली वाहिले पाहिजेत, निदान आधी. खालून वर जातात त्यांत भीती किती आणि मन किती, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

राहिला आभार स्वीकारण्याचा भाग. ‘अहो त्यात काय’, ‘राहू द्या न, कायले म्हणता’ म्हणून आपण समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडतो. नम्रता म्हणून ठीक, पण ज्याने धीर करून तोंड उघडलं त्याला पुढच्या वेळी गप्प बसायचं शिक्षण मिळतं. ‘बरं वाटलं ऐकून’ एवढं पुरतं. आणि मदतीला आणखी कोणी असेल तर लगेच त्याचं नाव घ्यावं: ‘पेट्या मी नाही, त्या दोघांनी झाकल्या.’

नागपूरच्या व्यापाऱ्यांसाठी एक सूचना. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते, आता वहीच्या जागी लॅपटॉप असतो. त्याच्या पंधरा दिवस आधी अकाउंटंटकडून ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची यादी काढून घ्या, पण रकमेच्या उतरत्या क्रमाने नको, चढत्या क्रमाने. सगळ्यात वर येतील पाण्याचा कॅनवाला, मशीन पुसायचं कापड देणारा, कुलर दुरुस्त करून गेलेला पोरगा, टेम्पोवाला. त्यांची सगळ्यांची मिळून बेरीज बहुधा एका मोठ्या बिलाइतकीही भरत नाही. त्यांना त्याच आठवड्यात पैसे पोचवा, प्रत्येकाला नावाने दोन ओळी लिहा, आणि मेव्याच्या डब्यांची ऑर्डर मग द्या.